डॉक्टरकीच्या वाटेवरची पेशी

बेंगळुरूत दहावीनंतरच्या दोन वर्षांना पीयू म्हणतात. डॉक्टर व्हायचं ठरवलेल्या मुलामुलींची ती दोन वर्षं कॉलेज, क्लास आणि सराव परीक्षा यांतच जातात. वैद्यकीय प्रवेशासाठीच्या ‘नीट’च्या ७२० गुणांपैकी ३६० एकट्या जीवशास्त्राचे असतात. एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकातलं पेशीवरचं प्रकरण हमखास गुण मिळवून देणारं समजलं जातं, म्हणून मुलं ते ओळ न् ओळ घोकतात. मायटोकॉन्ड्रियाला दोन आवरणं, रायबोसोमला एकही नाही, माणसाच्या परिपक्व लाल रक्तपेशीत केंद्रक नसतं. हे सगळं खरं आहे आणि पुढे उपयोगी पडणारंही आहे. फक्त, ‘पेशीबद्दल तुला स्वतःला काय जाणून घ्यायचंय?’ असं त्या दोन वर्षांत त्यांना सहसा कुणी विचारत नाही.

अमेरिकेत वैद्यकीय शिक्षणाआधी चार वर्षांची पदवी घ्यावी लागते. प्रवेशअर्जासोबत ‘मला डॉक्टर का व्हायचं आहे’ हे स्वतःच्या शब्दांत लिहून द्यावं लागतं आणि त्यावर मुलाखतही होते. आपल्याकडे २०२४ साली २३ लाखांहून जास्त मुलांनी ‘नीट’ दिली. एवढ्या संख्येपुढे मुलाखती घेणं अशक्यच, त्यामुळे गुणांवर निवड होते. ती पद्धत बदलावी असं इथे म्हणायचं नाही. पण जी माणसं वैद्यकाच्या दारातून आत आली आणि पेशीपाशी जाऊन थांबली, त्यांची आयुष्यं पाहिली की एक गोष्ट वारंवार दिसते. त्यांचं ‘का’ सतराव्या वर्षी ठरलेलं नव्हतं. ते बरंच उशिरा, बहुतेकदा एखाद्या रुग्णाच्या उशाशी सापडलं. आपल्याकडे वाट मात्र सतराव्या वर्षीच फुटते. एक वाट दवाखान्याकडे जाते, दुसरी प्रयोगशाळेकडे, आणि पुढे या दोन वाटा क्वचितच एकमेकींना भेटतात.

त्या भेटतात तेव्हा काय घडतं, हे बेंगळुरूतच पाहता येतं.

शहराच्या दक्षिण भागात, होसूर रोडवर निम्हान्स ही मानसिक आरोग्य आणि मेंदूविज्ञानाची राष्ट्रीय संस्था आहे. तिचा इतिहास १८४७ सालच्या मनोरुग्णालयापर्यंत मागे जातो. ते रुग्णालय आणि १९५४ साली सुरू झालेली अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था यांचं १९७४ साली एकत्रीकरण होऊन आजची निम्हान्स उभी राहिली. कर्नाटकातूनच नव्हे, शेजारच्या राज्यांतूनही माणसं इथे येतात. एकाच घरात दोघांतिघांना गंभीर मानसिक आजार असलेली कुटुंबंही येतात. मोठ्या भावाला स्किझोफ्रेनिया, मावशीला बायपोलर विकार, धाकटी बहीण मात्र ठणठणीत. हे असं का, असं नातेवाईक विचारतात तेव्हा आनुवंशिकतेचा भाग आहे इतकंच सांगता येतं. त्यापुढचं उत्तर देणं अवघड जातं.

कारण मेंदूचा तुकडा काढून तपासता येत नाही. यकृताची, मूत्रपिंडाची किंवा स्तनातल्या गाठीची बायोप्सी होते. बायपोलर विकार असलेल्या माणसाच्या मेंदूची बायोप्सी कुणी करणार नाही. निम्हान्समध्ये १९९५पासून मेंदूंची पेढी आहे. मृत्यूनंतर दान झालेले मेंदू तिथे संशोधनासाठी जतन केले जातात आणि तिचं मोल फार मोठं आहे. पण मृत मेंदू आजाराचा शेवट दाखवतो. आजार घडत असताना चेतापेशी काय करत होत्या, हे त्यातून कळत नाही.

शहराच्या उत्तरेला, बेल्लारी रोडवर, कृषी विद्यापीठाच्या झाडांनी भरलेल्या आवारात राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र, म्हणजे एनसीबीएस आहे. ओबेद सिद्दीकी यांनी ते उभं केलं. शेजारीच इनस्टेम ही मूळपेशींवर काम करणारी संस्था आहे. २०१६च्या सुमाराला या दोन संस्था आणि निम्हान्स एका कार्यक्रमात एकत्र आल्या. स्किझोफ्रेनिया, बायपोलर विकार, ओसीडी, स्मृतिभ्रंश आणि व्यसनाधीनता हे पाच आजार निवडण्यात आले. ज्या घरांत एकाहून अधिक माणसं आजारी आहेत, अशी कुटुंबं शोधायची, त्यांच्या संमतीने रक्त घ्यायचं, आजारी आणि निरोगी भावंडांच्या पेशी शेजारी शेजारी वाढवायच्या आणि वर्षानुवर्षं त्या कुटुंबाच्या संपर्कात राहायचं, अशी आखणी होती.

रक्ताच्या पेशीपासून चेतापेशी कशी तयार होते, हे जरा थांबून पाहण्यासारखं आहे. बाटलीतल्या रक्तातून पांढऱ्या पेशी वेगळ्या करतात. त्यांत चार जनुकं घालतात. पेशी पारदर्शक बशीत, सदतीस अंश तापमानाला, पाच टक्के कार्बन डायऑक्साइड असलेल्या कपाटात ठेवतात. त्यांना द्यायचं पोषकद्रव गुलाबी असतं. पेशींनी ते वापरलं की ते आम्ल होतं आणि पिवळं पडतं, मग ते काढून ताजं घालावं लागतं. हे काम जवळजवळ रोजचं. रविवार नाही, दिवाळी नाही. बहुतेक पेशी मरतात. तीनेक आठवड्यांनी, नशिबाने साथ दिली तर, सूक्ष्मदर्शकाखाली कडा रेखीव असलेले चपटे, दाट पुंजके दिसू लागतात. त्या पुंजक्यातली पेशी रक्ताची उरलेली नसते. गर्भाच्या अगदी सुरुवातीच्या पेशीसारखी ती कोणतंही रूप घेऊ शकते. योग्य क्रमाने योग्य रसायनं दिली की काही आठवड्यांत तिच्यापासून चेतापेशी तयार होते. तिला फांद्या फुटतात आणि तिच्यातून विजेचे स्पंद जाऊ लागतात. त्या चेतापेशीत जनुकं असतात ती होसूर रोडवर रक्त देऊन घरी गेलेल्या माणसाचीच.

याचा उपयोग काय, ते लिथियमच्या उदाहरणावरून समजतं. बायपोलर विकारावर हे औषध १९४९ साली ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी पहिल्यांदा वापरलं आणि आजही ते मुख्य औषधांपैकी एक आहे. काही रुग्णांना ते संजीवनीसारखं लागू पडतं, काहींना मुळीच नाही. कुणाला लागू पडेल हे आधी कळत नाही. रक्तातली पातळी तपासत, मूत्रपिंड आणि थायरॉइडवर लक्ष ठेवत वाट पाहावी लागते. २०१५ साली अमेरिकेतल्या सॉल्क इन्स्टिट्यूटमधल्या गटाने बायपोलर रुग्णांच्या पेशींपासून बशीत चेतापेशी वाढवल्या. त्या निरोगी माणसांच्या चेतापेशींपेक्षा जास्त उत्तेजित होत्या. लिथियम दिल्यावर काही शांत झाल्या, काही तशाच राहिल्या. शांत झाल्या त्या लिथियमने गुण आलेल्या रुग्णांच्या होत्या. माणसाच्या वागण्यात दिसणारा फरक एका पेशीत उतरलेला होता. मनोविकारांच्या ओपीडीत बसलेल्या तरुण डॉक्टरला पेशीशास्त्र पुन्हा उघडायला लावणारं याहून मोठं कारण कोणतं असेल?

रक्ताच्या पेशीत घातली जाणारी ती चार जनुकं शोधणारा माणूस स्वतः डॉक्टर होता. शिन्या यामानाका यांचे वडील ओसाकाजवळ शिलाई मशीनच्या सुट्या भागांचा छोटा कारखाना चालवत. कारखान्यात त्यांना दुखापत झाली, रक्त चढवावं लागलं आणि त्यातून यकृताचा संसर्ग झाला. मुलगा डॉक्टर झाला, हाडांच्या शस्त्रक्रियेचं शिक्षण घेऊ लागला. शाळा-कॉलेजात ज्युदो आणि रग्बी खेळताना त्याची स्वतःची हाडं अनेकदा मोडली होती, त्यामुळे ही शाखा त्याला जवळची वाटली होती. पण शस्त्रक्रियेत हात चालेना. दहा मिनिटांच्या कामाला त्याला तासभर लागला, तेव्हा वरिष्ठांनी त्याचं नावच अडथळा ठेवलं. तरीही त्याला खरं हलवलं ते १९८९ साली झालेल्या वडिलांच्या मृत्यूने. वय अवघं ५८. ज्या हेपटायटिस-सी विषाणूची ओळख त्याच वर्षी जगाला झाली, त्याच्यावर उपाय नव्हता. मुलाकडे वैद्यकाची पदवी होती, पण वडिलांसाठी करण्यासारखं काही नव्हतं. यामानाका शस्त्रक्रिया सोडून संशोधनाकडे वळले.

२००६ साली त्यांनी उंदरांच्या त्वचापेशींवर प्रयोग केला. चोवीस जनुकांपासून सुरुवात करून एकेक वगळत ते चारवर आले. ती चार घातली की त्वचेची पेशी मागे फिरून मूळपेशी होते. पुढच्याच वर्षी माणसाच्या पेशींवरही ते साधलं आणि २०१२ साली जॉन गर्डन यांच्यासोबत त्यांना नोबेल मिळालं. त्यांच्या वडिलांच्या आजाराची पुढची कथाही पेशींतूनच जाते. हेपटायटिस-सी विषाणू प्रयोगशाळेत वाढतच नसे. १९९९ साली जर्मनीत राल्फ बार्टेनश्लागर यांच्या गटाने त्याची आरएनए यकृताच्या कर्करोगाच्या पेशींत, बशीत, वाढती ठेवली. आता औषधं तपासायला जागा मिळाली. आज गोळ्यांच्या काही आठवड्यांच्या उपचाराने बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात.

मराठी वाचकाला याच वाटेवर एक घरचं माणूस भेटतं, आणि तिची वाट उलट्या बाजूने आली होती. कमल समर्थ यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात झाला. वडील फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवत. मुलगी हुजूरपागेत शिकली, हुशार निघाली. तिने डॉक्टर व्हावं आणि डॉक्टरशीच लग्न करावं, अशी वडिलांची इच्छा होती. त्या काळातल्या शिकलेल्या घराची ही प्रेमाने पाहिलेली स्वप्नं होती. कमलने दोन्ही मोडली. फर्ग्युसनमध्ये वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र घेतलं. पुढे पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून सीताफळाच्या कुळातल्या वनस्पतींच्या गुणसूत्रांवर एम. एस्सी. केलं. १९३९ साली लग्न केलं ते गणितज्ञ ज. त्र्यं. रणदिवे यांच्याशी, आणि त्या मुंबईला आल्या.

सीताफळाच्या पेशीतून माणसाच्या कर्करोगाकडे त्यांना नेलं ते टाटा मेमोरियल हॉस्पिटलने. तिथे डॉ. वसंत रामजी खानोलकर होते. मराठी माणसांत हे नाव आज पुरेसं घेतलं जात नाही, ही खंत आहे. लंडनहून विकृतिशास्त्रात एम. डी. होऊन आलेल्या या माणसाला भारतीय विकृतिशास्त्राचे जनक म्हणतात. कंबरेला रोज घट्ट कसलेल्या धोतराच्या घर्षणाने त्या जागी होणारा कर्करोग त्यांनी १९४५ साली नोंदवला. रुग्णाच्या कपड्यावरून, तंबाखूच्या सवयीवरून थेट त्याच्या पेशीपर्यंत जाणारी ही नजर होती. खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली कमल रणदिवे यांनी १९४९ साली मुंबई विद्यापीठाची पीएच. डी. मिळवली आणि मग त्या अमेरिकेत बाल्टिमोरला, जॉन्स हॉपकिन्समध्ये जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या.

ही प्रयोगशाळा म्हणजे पेशीशास्त्राच्या इतिहासातली एक नाजूक जागा आहे. १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स या तीस वर्षांच्या कृष्णवर्णीय स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतल्या पेशी तिथे वाढवल्या गेल्या. त्यासाठी तिची परवानगी घेतली नव्हती. ती त्याच वर्षी ऑक्टोबरात गेली. तिच्या पेशी ‘हीला’ या नावाने आजही जगभर वाढतात. गाय यांची पद्धत हातकामाची होती. कोंबडीच्या रक्ताचा द्रव, गर्भाचा अर्क आणि बाळंतपणात मिळालेल्या नाळेच्या रक्ताचा सीरम असं मिश्रण काचेच्या नळ्यांत घालायचं आणि त्या नळ्या एका संथ फिरणाऱ्या ढोलात लावायच्या, म्हणजे पेशींना कधी द्रव तर कधी हवा मिळत राहते. कमलताई हे शिकून मुंबईला परतल्या आणि त्यांनी भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात देशातली पहिली टिश्यू कल्चर प्रयोगशाळा उभारली. उंदरांवर काम करून त्यांनी स्तनाच्या कर्करोगाचा आनुवंशिकतेशी, संप्रेरकांशी आणि विषाणूंशी संबंध तपासला. कुष्ठरोगावरच्या कामासाठी १९६४ साली त्यांना वाटुमल प्रतिष्ठानचा पुरस्कार मिळाला. १९६६ ते १९७० त्या केंद्राच्या प्रभारी संचालक होत्या, १९८२ साली पद्मभूषण झाल्या. उतारवयातही त्या स्वस्थ बसल्या नाहीत. नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात आदिवासी मुलांच्या पोषणाची पाहणी करत त्या हिंडल्या. डॉक्टर न होता रुग्णाजवळ पोहोचण्याची ही त्यांची रीत होती, आणि वडिलांना त्याहून वेगळं काही हवं असेल असं वाटत नाही.

कमलताईंच्या त्या केंद्राचंच पुढे कर्करोग संशोधन संस्थेत आणि मग खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये रूपांतर झालं. २०२१च्या जूनमध्ये भारतातला पहिला कार-टी पेशी उपचार ॲक्ट्रेकमध्येच झाला. रुग्णाच्या रक्तातल्या टी पेशी बाहेर काढायच्या, कर्करोगाची पेशी ओळखायला लावणारं जनुक त्यांत घालायचं, पेशी वाढवायच्या आणि परत शिरेतून द्यायच्या. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी विकसित केलेल्या नेक्सकार-१९ या उपचाराला ऑक्टोबर २०२३मध्ये मान्यता मिळाली. इथे औषध म्हणून जिवंत पेशीच दिली जाते. ती शरीरात गेल्यावर कशी वागेल, ताप कधी चढवेल, कधी थकेल, हे खाटेजवळच्या डॉक्टरला माहीत असावंच लागतं. पेशीवरचं प्रकरण अकरावीत संपलं, असं म्हणायची सोय आता उरलेली नाही.

बेंगळुरूत मात्र आणखी एका मराठी मुलीची आठवण निघायलाच हवी, कारण तिला पेशीकडे नेणारं कारण आजार हे नव्हतंच, अन्न होतं. कमला भागवत, दुर्गाबाई भागवतांची बहीण, मुंबईहून पदवी घेऊन १९३३ साली इथल्या भारतीय विज्ञान संस्थेत आली. वडील आणि काका याच संस्थेतून शिकलेले. संचालक सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. तिने हट्ट सोडला नाही, तेव्हा एक वर्ष परीक्षेचं म्हणून अटी घालून घेतलं. श्रीनिवासय्या यांच्या हाताखाली तिने दूध आणि कडधान्यांतली प्रथिनं अभ्यासली. गरिबाच्या ताटात जे असतं त्यातून शरीराला काय मिळतं, हा तिचा प्रश्न होता. तिचं काम पाहून रामन यांनी पुढे मुलींना दार उघडलं. केंब्रिजला गेल्यावर तिने बटाट्यात सायटोक्रोम सी शोधलं आणि वनस्पतींच्या पेशींतही श्वसनाची तीच यंत्रणा चालते हे दाखवलं. १९३९ साली पीएच. डी. घेऊन परतलेल्या आणि पुढे सोहोनी या नावाने ओळखल्या गेलेल्या या कमलाबाईंना पुढची गोष्ट तेव्हा ठाऊक असणं शक्य नव्हतं. १९९६ साली शिओदोंग वांग यांच्या गटाने दाखवून दिलं की हेच सायटोक्रोम सी मायटोकॉन्ड्रियातून बाहेर पडलं की पेशी स्वतःला संपवते. हा मरणाचा हुकूम न पाळणं, हे कर्करोगाच्या पेशीचं एक लक्षण आहे. बटाट्यात सापडलेलं प्रथिन कर्करोगाच्या वॉर्डात पोहोचलं, ते असं.

ज्या संस्थेने कमलाबाईंना दारात उभं केलं होतं, तीच आता वैद्यकीय शाळा उभारते आहे. २०२२च्या फेब्रुवारीत सुस्मिता आणि सुब्रतो बागची, राधा आणि एन. एस. पार्थसारथी या दोन दांपत्यांनी त्यासाठी ४२५ कोटी रुपयांची देणगी जाहीर केली. आठशेहून अधिक खाटांचं रुग्णालय आणि एम. डी.-पीएच. डी. असा जोड अभ्यासक्रम ही त्यातली मुख्य कल्पना आहे. रुग्ण पाहणारा आणि पेशी वाढवणारा माणूस एकच असावा, असा त्यामागचा विचार. तो विचार बरोबर आहे. त्याची कसोटी पदवीनंतर लागेल. वैद्यकीय महाविद्यालयात नोकरी धरलेल्या डॉक्टरचा दिवस ओपीडी, वॉर्ड आणि तासिका यांत भरतो. प्रयोगशाळेसाठी आठवड्याचे दोन दिवस राखून ठेवणारी पदं निर्माण झाली नाहीत, तर इतकी वर्षं खर्चून तयार झालेला माणूस शेवटी दोहोंपैकी एकच काम करेल.

सध्याही काही दारं उघडी आहेत. आयसीएमआरची अल्पकालीन विद्यार्थी संशोधन योजना १९७९पासून आहे. एमबीबीएसचा विद्यार्थी आपल्याच कॉलेजातल्या शिक्षकाला मार्गदर्शक घेऊन दोन महिन्यांचं काम करू शकतो. रामन यांनीच स्थापन केलेली आणि बेंगळुरूतच असलेली भारतीय विज्ञान अकादमी अन्य दोन अकादम्यांसोबत उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती देते. पदवीनंतर पुढे जायचं असेल तर केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग (डीबीटी) आणि वेलकम ट्रस्ट यांच्या इंडिया अलायन्सच्या शिष्यवृत्त्यांत डॉक्टरांसाठी वेगळा विभाग आहे. जक्कूरच्या जवाहरलाल नेहरू केंद्रात मनीषा इनामदार यांच्या गटाने वंध्यत्वाच्या उपचारात न वापरल्या गेलेल्या भ्रूणांपासून मानवी मूळपेशींच्या दोन वाणांची निर्मिती केली आणि २००९ साली ते काम प्रसिद्ध झालं. पुढे त्या इनस्टेमच्या प्रमुख झाल्या. अशा प्रयोगशाळेत उन्हाळ्याचे दोन महिने गुलाबी पोषकद्रव बदलत काढलेल्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला, पुढे निम्हान्सच्या वॉर्डात उभं असताना, कोणता प्रश्न कुणाकडे घेऊन जायचा हे माहीत असतं. बेंगळुरूतल्या मुलाला तर त्यासाठी शहरही सोडावं लागत नाही.